मॉडेल जहाजाचं प्लँकिंग : पहिली पट्टी चिकटवण्याआधी घेर मोजा

जहाजाच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या चिकटवून त्याचं अंग तयार करणं म्हणजे प्लँकिंग. किटचा खोका उघडला की हात आधी पट्ट्यांच्या जुडीकडे जातो. सांगाडा उभा राहिला, फेविकॉल सुकला, की वरून पहिली पट्टी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सात-आठ पट्ट्यांपर्यंत सगळं छान चालतं. मग नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्ट्यांची टोकं वर चढायला लागतात, एकमेकींवर स्वार होतात. ती चिमटे, टाचण्या आणि फेविक्विक लावून दाबून बसवायचा प्रयत्न सुरू होतो. तिथून पुढे ते काम सावरत नाही.

ही चूक हाताची नसते, मोजमापाची असते. जहाजाचा घेर मध्यावर मोठा असतो आणि पुढे लहान होत जातो. किटमधली पट्टी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीची येते. मध्यावर बावीस पट्ट्या मावत असतील तर त्याच बावीस पट्ट्या पूर्ण रुंदीने नाळेपाशी मावणं शक्यच नाही. प्रत्येक पट्टी कुठे किती निमुळती करायची, हे पहिली पट्टी चिकटवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

खालची मापं १:६४ प्रमाणातल्या, दोन थरांच्या, लहान ब्रिगच्या, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या जहाजाच्या किटला धरून आहेत. पहिला थर लाइम नावाच्या झाडाच्या लाकडाच्या दीड मिलिमीटर जाड, ५ मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा. दुसरा अक्रोडाच्या ०.६ मिलिमीटर जाड, तेवढ्याच रुंद पट्ट्यांचा. तुमच्या किटचे आकडे वेगळे असतील, पण कामाचा क्रम हाच राहील.

शब्दांचं आधी सांगतो. मधोमध उभा असतो तो प्लायवूडचा कणा. त्यावर आडवे बसतात ते बल्कहेड, त्यांना इथे बरगड्या म्हणतो. पुढचा उभा खांब स्टेम, मागचा स्टर्नपोस्ट. कण्याला अगदी लागून असलेली सगळ्यात खालची पट्टी म्हणजे गार्बोर्ड. पाण्याच्या रेषेच्या जरा वर बाहेरून जो जाड पट्टा दिसतो, तो वेल-पट्टा.

पहिलं जहाज कुठलं घ्यायचं

टोकदार नाळेचं घ्या. स्कूनर किंवा कटर या छोट्या शिडाच्या जहाजांमध्ये पट्टीला वळण हळूहळू मिळतं. फ्रिगेट या शिडाच्या युद्धनौकेची नाळ गोल, फुगीर असते; तिथे पट्टीला दोन-तीन बरगड्यांच्या अंतरात जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली त्रिंकोमाली ही फ्रिगेट करावी असं मलाही फार वाटतं. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण तिच्या तोफांच्या डेकची लांबीच १५० फूट आहे. १:६४ प्रमाणात ती सुमारे ७१ सेंटीमीटर भरते, वर पुढचा बोस्प्रिट, म्हणजे नाळेतून पुढे निघालेली तिरकी काठी, वेगळा. असं जहाज तिसरं किंवा चौथं म्हणून घ्यावं.

साहित्य

साधा पांढरा फेविकॉल, फेविक्विकची छोटी बाटली, अकरा नंबरच्या पात्याची सुरी, स्टीलची पट्टी, हातात मावेल असा छोटा रंधा, १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर. पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवून वापरा. नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात. कपड्यांचे चिमटे, बाइंडर क्लिप आणि रबरबँड जितके मिळतील तितके गोळा करा. वाकवण्यासाठी केसांचं जुनं स्ट्रेटनर उत्तम चालतं. मोजण्यासाठी साध्या कागदाच्या सेंटीमीटरभर रुंद पट्ट्या कापून ठेवा. या सगळ्यात सर्वाधिक उपयोगाच्या त्याच आहेत. धूळ बारीक उडते, म्हणून मास्क हवाच.

पट्ट्या निवडणं हेही तयारीतच येतं. जुडी सोडून प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर फिरवा. बाजूला वाकलेल्या, गाठीच्या आणि कडा तुटलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा. त्या आखूड तुकड्यांसाठी कामी येतात. दुसऱ्या थराच्या पट्ट्या रंगाप्रमाणे लावून घ्या. गडद आणि फिक्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या गेल्या पाहिजेत.

> सावधान : निवडलेल्या पट्ट्या काम करायच्या खोलीत आठवडाभर उघड्या राहू द्या. लाकूड दमटपणाने रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. मी ठाण्यात ऐन जुलैमध्ये पहिला थर लावला होता. नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिलमध्ये डाव्या बाजूच्या चार सांध्यांत अंगठ्याचं नख जाईल एवढ्या भेगा उघडल्या. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात सांगाडा करा, मोजमाप करा, पट्ट्या कापा. चिकटवायचं काम दिवाळीनंतर.

## १. कणा सरळ आहे ना, ते पाहा

प्लायचा कणा काचेवर आडवा ठेवा. एखादं टोक उचललेलं दिसलं तर उलट्या बाजूने किंचित ओलं करून, सपाट पाटावर वजनाखाली दोन दिवस ठेवा. बरगड्या चिकटवताना प्रत्येक बरगडीला गुण्या लावून काटकोन बघा. डेकचा प्लाय सुका बसवून पाहिला की बरगड्यांची उंची चुकलीय का ते लगेच कळतं.

> तपासणी : सांगाडा उलटा धरून एका टोकाकडून कण्याच्या धारेवर नजर टाका. धार सरळ रेषेत दिसली तरच पुढे जा. इथला दोष पट्ट्यांनी झाकला जात नाही, उलट पक्का होतो.

## २. कण्याची जाडी कमी करा

ही पायरी जितके जण गाळतात, तितकी दुसरी कुठलीही नाही.

हिशेब बघा. कणा ५ मिलिमीटर जाड. त्याच्या दोन्ही अंगांना दीड अधिक ०.६, म्हणजे २.१ मिलिमीटरचे थर येणार. दोन्ही मिळून ४.२. कणा तसाच ठेवला तर खालची धार ९.२ मिलिमीटर होते, आणि तिच्याखाली जी शोभेची कील, म्हणजे बुडाखाली बाहेरून दिसणारी लांब दांडी, बसवायची ती फक्त ५ मिलिमीटरची. मागे स्टर्नपोस्टपाशीही तेच होतं. सुकाणू लावताना जहाजाचं बूड सुकाणूच्या दुप्पट जाड दिसतं, आणि तोवर काही करता येत नाही.

म्हणून बरगड्यांची खालची टोकं कण्याला जिथे टेकतात, तिथून एक वळणदार रेघ पुढे स्टेमपर्यंत आणि मागे स्टर्नपोस्टपर्यंत आखा. पट्टीची आतली कड या रेघेवर टेकणार. रेघेपासून बाहेरच्या धारेपर्यंत कणा उतरता तासत न्या, दोन्ही बाजूंनी सारखा. हिशेबाने धार ०.८ मिलिमीटर उरायला हवी, पण प्लाय इतका पातळ केला की तुटतो. सव्वा ते दीड मिलिमीटरवर थांबा आणि उरलेला फरक पहिल्या थराची खालची टोकं घासून भरून काढा. बरगड्या चिकटवायच्या आधी हे काम केलं तर हात सगळीकडे पोचतो.

स्टेमपाशी पट्टीचं टोक अडकवायला खाच लागते, तिला रॅबेट म्हणतात. शोभेची कील आणि स्टेम आधीच चिकटवून घेतले तर ते आणि तासलेला कणा यांच्यामध्ये ती खाच आपोआप तयार होते. मी नेहमी असंच करतो. मागाहून स्टेम चिकटवणाऱ्यांना बावीस पट्ट्यांची टोकं एका ओळीत कापावी लागतात.

## ३. बरगड्यांना उतार द्या

बरगडीची कड लेझरने सरळ कापलेली असते, पण पट्टी तिच्यावरून तिरकी जाते. उतार दिला नाही तर पट्टी बरगडीच्या एका कोपऱ्यावरच टेकते, तिथे उंचवटा येतो आणि गोंदाला धरायला जागाच मिळत नाही.

मध्यापासून पुढच्या बरगड्यांची पुढची कड घासायची, मागच्या बरगड्यांची मागची. मध्यावरच्या एक-दोन बरगड्यांना जवळजवळ हात लावायचा नाही. नाळेकडची पहिली बरगडी आणि पिछाडीची शेवटची, यांना सगळ्यात जास्त उतार लागतो.

इथे लेझरने जळलेली काळी कड फार उपयोगी पडते. घासाल तिथे पांढरं लाकूड दिसायला लागतं. जी कड शाबूत ठेवायची आहे तिच्यावर केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहिली पाहिजे. ती रेघ दिसतेय तोवर बरगडीचा मूळ आकार शाबूत आहे. ती गेली की जहाज तिथे बारीक झालं. तसं झालंच, तर तेवढ्या कडेवर पातळ पट्टीचा तुकडा चिकटवून पुन्हा घासा.

नाळेपाशी पहिल्या दोन बरगड्यांमधल्या पोकळीत बाल्साचे, म्हणजे अगदी हलक्या, मऊ लाकडाचे ठोकळे भरा आणि त्याच वळणात घासा. किटमध्ये नसले तरी भरा. पट्टी तिथे सगळ्यात जास्त वळते, तिला मागून आधार मिळतो आणि टाचणी टोचायला जागा होते.

> तपासणी : एक सुकी, न कापलेली पट्टी सांगाड्यावर पाच-सहा वेगवेगळ्या उंचीवर आडवी धरून बघा. प्रत्येक बरगडीच्या पूर्ण जाडीवर ती टेकली पाहिजे. खाली उजेड दिसतो तिथे बरगडी खोल आहे. पट्टी खटकते तिथे बरगडी उंच आहे. बोटाने पट्टी दाबून बसवू नका, ती आपणहून कशी पडते ते बघा. पूर्ण उतार द्यायला मला दोन-तीन संध्याकाळी लागतात.

## ४. घेर मोजा आणि वाटणी करा

४.१ कागदी पट्टीने घेर घ्या. डेकच्या कडेपासून कण्यावरच्या रेघेपर्यंत प्रत्येक बरगडीवरून कागदी पट्टी वळवून न्या, दोन्ही टोकांना खूण करा आणि पट्टीवर बरगडीचा नंबर लिहा. डावी-उजवी दोन्ही मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर उताराच्या कामाकडे परत जा.

४.२ मध्यावरून पट्ट्यांची संख्या काढा. समजा मध्यावर घेर ११० मिलिमीटर आला. पाचाने भागला, २२ पट्ट्या. ही संख्या आता कायम.

४.३ पुढचा घेर त्याच संख्येने भागा. पहिल्या बरगडीवर घेर ६६ आला तर प्रत्येक पट्टी तिथे ३ मिलिमीटर. नियम असा की कुठलीही पट्टी तिच्या मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करायची नाही. आपली मर्यादा अडीच मिलिमीटर. ३ चालतं.

पण फुगीर नाळेवर घेर ४८ आला तर? २२ ने भागल्यावर २.१८ येतात. हे चालणार नाही. ४८ ला अडीचने भागा, जास्तीत जास्त १९ पट्ट्या नाळेपर्यंत पोचू शकतात. उरलेल्या तीन पट्ट्या नाळेच्या आधीच थांबवाव्या लागतील. त्यांना ड्रॉप प्लँक म्हणतात. अशी पट्टी सुईसारखी टोकदार संपवू नका. तिचं टोक अडीच मिलिमीटर रुंद, बोथट ठेवा आणि शेजारच्या पट्टीत तेवढीच खाच काढून ती आत बसवा. सुईसारखं टोक गोंदाने ओलं झालं की गुंडाळतं आणि घासताना उडून जातं.

४.४ पिछाडीचा घेर बघा. पिछाडीला उलट प्रकार होतो. समजा तिथे १२१ मिलिमीटर आले. पूर्ण रुंदीच्या २२ पट्ट्या ११० भरतील, ११ मिलिमीटर उरतील. ही जागा पट्ट्या ताणून भरत नाहीत. पट्ट्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यायचं आणि खाली जी पाचरीसारखी फट राहते तिच्यात दोन जादा पट्ट्या बसवायच्या. त्यांना स्टीलर म्हणतात.

४.५ पट्टे पाडा. बावीस पट्ट्या एकदम सांभाळता येत नाहीत. त्यांचे तीन पट्टे करा, वरून सात, आठ, सात. मध्यावर खुणा वरून ३५ आणि ७५ मिलिमीटरवर येतील, पहिल्या बरगडीवर २१ आणि ४५ वर. प्रत्येक बरगडीवर असेच भाग करा, मग सगळ्या बरगड्यांवरच्या खुणा जोडत दोन काळे दोरे लावा. आता जहाज लांबून बघा, वरून, समोरून, पिछाडीकडून. दोरा कुठे कोपरा घेत असेल, कुठे खाली लोंबत असेल तर खूण एखाद-दीड मिलिमीटर सरकवा. आकडा आणि नजर यांचं जमलं नाही तर नजरेचं ऐका. दोऱ्याचं वळण चांगलं दिसलं की ते बरगड्यांवर पेन्सिलीने उतरवून घ्या.

४.६ पंखा-कागद. प्रत्येक बरगडीवर पट्ट्याचे सात किंवा आठ सारखे भाग करायला भागाकार करत बसू नका. मोठ्या कागदावर एका बिंदूतून नऊ रेघा पंख्यासारख्या काढा. त्यांची दुसरी टोकं एका सरळ उभ्या रेघेवर, एकमेकींपासून सारख्या अंतरावर असू द्या. एका पट्ट्याच्या घेराची कागदी पट्टी त्या उभ्या रेघेला समांतर धरा आणि पंख्यावर पुढे-मागे सरकवा. पहिली खूण पहिल्या रेघेवर आणि शेवटची नवव्या रेघेवर आली की मधल्या रेघा जिथे कापतात तिथे टिंबं द्या. आठ सारखे भाग तयार. सात हवे असतील तर आठव्या रेघेपर्यंत मोजा. टिंबं बरगडीवर उतरवा. सगळ्या बरगड्या अर्ध्या तासात होतात.

> सावधान : ही वाटणी एकदाच करून विसरू नका. दर तीन-चार पट्ट्यांनंतर उरलेला घेर पुन्हा मोजा आणि उरलेल्या पट्ट्यांनी पुन्हा भागा. प्रत्येक पट्टीमागे पाव मिलिमीटर चुकलं तरी आठ पट्ट्यांत दोन मिलिमीटर होतात.

## ५. पट्टी तयार करा

एका पट्टीचा क्रम असा : निमुळती करणं, वाकवणं, सुकवणं, कड तिरकी करणं, सुकी बसवून बघणं, मग चिकटवणं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जोडीने तयार करा.

निमुळती करणं. पट्टी सांगाड्यावर धरून बरगड्यांच्या जागा तिच्यावर टिंबांनी घ्या. प्रत्येक टिंबापाशी त्या बरगडीवरची रुंदी मोजून खूण करा, खुणा जोडा, स्टीलची पट्टी लावून हलक्या हाताने दोन-तीनदा सुरी ओढा. रेघेच्या किंचित बाहेर कापा, बाकी रंध्याने घ्या. तासायची एकच कड, आणि दर वेळी तीच; डावीकडे वरची तासली तर उजवीकडेही वरचीच. दोन्ही पट्ट्या एकत्र चिमट्यात धरून रंधा मारला की जोडी सारखी होते.

वाकवणं. पट्टीला तीन प्रकारची वळणं लागतात : नाळेभोवतीचा बाक, कण्याकडे जाताना पीळ, आणि कधी कधी कडेवरचा बाक. पहिली दोन सोपी आहेत. दीड मिलिमीटरची लाइमची पट्टी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात, ०.६ ची अक्रोडाची पाचेक मिनिटं. मग स्ट्रेटनरच्या दोन पाट्यांत धरून हळूहळू ओढत वळवा. पट्टी आधी हट्ट धरते, मग एका क्षणी बोटाखाली मऊ पडल्यासारखी जाणवते. तिथे तसंच धरून गार होऊ द्या. लाकूड मुख्यतः उष्णतेने वळतं, पाणी तिला मदत करतं. वाकवण्याच्या नादात रात्रभर भिजवणारे पट्टीचे तंतू उगाच फुगवतात.

कडेवरचा बाक शक्यतो टाळा. रुंद पट्टी सांगाड्यावर बाजूला ओढून बसवली की तिची एक कड बरगडीवरून उचलली जाते आणि छपराच्या कौलांसारखी पायरी दिसते. अगदी लागलाच तर पट्टी टेबलावर आडवी ठेवा, दोन टोकांना क्लिप लावा, मधे बाजूने ओढून तिसरी क्लिप लावा आणि हेअर ड्रायरची गरम हवा द्या. तीस सेंटीमीटर लांबीत दोन-तीन मिलिमीटर मिळतात, त्याहून जास्तीची अपेक्षा नको.

> सावधान : ओली पट्टी कधीही चिकटवू नका. ओली असताना ती रुंद असते. सुकल्यावर आकसते आणि शेजारणीपासून सुटते. वाकवलेली जोडी सांगाड्यावर किंवा तेवढ्याच गोलाईच्या काचेच्या बरणीवर रबरबँडने बांधून रात्रभर ठेवा. सकाळी तिचा बाक किंचित उघडतो. म्हणून वळवताना हवा त्यापेक्षा थोडा जास्त द्या.

कड तिरकी करणं. पोटाच्या वळणावर, म्हणजे बाजू संपून बूड सुरू होतं तिथे, दोन पट्ट्यांमध्ये बाहेरून व्ही आकाराची फट दिसते. पट्टीची आतली कड पॉलिश पेपरने दोन-तीनदा तिरकी घासली की बाहेरून सांधा मिटतो. सपाट भागात याची गरज नाही.

## ६. पहिला थर

६.१ पहिली पट्टी डेकच्या पातळीला, नकाशात दाखवलेल्या वळणात. ही पट्टी सरळ नसते. बाजूने बघितलं तर मध्ये खाली आणि टोकांना वर असते. ही चुकली तर तिच्याखालच्या सगळ्या चुकतात. सुई-दोऱ्याने डावी-उजवी उंची प्रत्येक बरगडीवर तपासा.

६.२ डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. माझ्या पहिल्या जहाजाची डावी बाजू मी आधी पूर्ण केली. गोंद सुकताना पट्ट्यांनी कणा आपल्याकडे ओढून घेतला. उजवीकडून काही केल्या तो परत आला नाही, आणि ते जहाज आजही एका कुशीवर वळलेलं आहे.

६.३ बरगडीवर फेविकॉल, शेजारच्या पट्टीच्या कडेला फेविकॉलची पातळ रेघ, आणि दोन टोकांना फेविक्विकचा एकेक थेंब. टोकं लगेच धरतात, मधला भाग हळू सुकतो आणि तोवर सरकवता येतो. टाचणी लागलीच तर अर्ध्या मिलिमीटरचं भोक आधी पाडा आणि टाचणी पूर्ण ठोकू नका. अर्ध्या-पाऊण तासाने उपटून काढा. प्लायच्या कडेत थेट ठोकलेली टाचणी प्लाय फोडते.

६.४ वरून चार पट्ट्या झाल्या की थांबा आणि जहाज उलटं करून गार्बोर्ड बसवा. इथे दुसरी मोठी चूक होते. गार्बोर्डचं पुढचं टोक स्टेमच्या वळणाबरोबर वर चढवलं जातं. मग तिच्यानंतरची प्रत्येक पट्टी आणखी वर चढते आणि नाळेपाशी जागा संपते. गार्बोर्ड पहिल्या बरगडीच्या आसपास, कण्याचं वळण सुरू होतं तिथेच, गोलसर टोक देऊन संपवा. मागे मात्र ती पूर्ण रुंदीने स्टर्नपोस्टपर्यंत जाऊ द्या, निमुळती करू नका. तिची वरची कड जवळजवळ सरळ दिसली पाहिजे.

६.५ आता दोन्हीकडून मध्याकडे या. वरून दोन, खालून दोन. दर चार पट्ट्यांनी उरलेला घेर मोजा. पिछाडीला पाचर-फट दिसायला लागली की तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, फटीचा ठसा येतो. तो कापून स्टीलरचा साचा करा.

६.६ शेवटची पट्टी पोटाच्या वळणाखाली यावी, उभ्या जहाजात ती नजरेआड राहते. फट सगळीकडे सारखी नसते; पुन्हा कागदाचा ठसा घ्या, किंचित रुंद कापा, दोन्ही कडा आतल्या बाजूला तिरक्या करा आणि बुचासारखी बसवा.

> तपासणी : खोलीतला दिवा बंद करून टॉर्च बाजूने, अंगाला चिकटून धरा. उंचवटे आणि खड्डे सावल्यांनी दिसतात. दिवसा उजेडात न दिसलेला खड्डा इथे हमखास सापडतो.

## ७. दोन थरांच्या मधलं काम

पूर्ण एक दिवस सुकू द्या. १२० नंबरने, ठोकळ्यावर, पट्ट्यांच्या लांबीला तिरकं घासा. खड्ड्यांत त्याच लाकडाची घासलेली भुकटी आणि फेविकॉल कालवून भरा. उंचवटा घासत घासत पट्टी पारदर्शक व्हायला लागली तर थांबा आणि आजूबाजूचा भाग भरून वर आणा. कण्याच्या आणि स्टर्नपोस्टच्या धारेला थर पातळ करत न्या, दुसऱ्या पायरीतला उरलेला हिशेब इथे पुरा होतो. पहिला थर कुरूप दिसला तरी चालतो. वळण मात्र निर्दोष हवं, कारण ०.६ मिलिमीटरची पट्टी खालचं काहीच लपवत नाही.

## ८. दुसरा थर

घेर पुन्हा मोजा. पहिल्या थरामुळे तो वाढलेला असतो. जुने आकडे वापरू नका.

सुरुवात वेल-पट्ट्यापासून. त्याची खालची कड दोन्ही बाजूंना आखा, समोरून बघून डावी-उजवी एकाच उंचीवर नाळेला मिळतेय का ते पाहा. वेल-पट्ट्याच्या वर आणि खाली पट्ट्या लावत जा, मग गार्बोर्ड, मग मधली जागा. क्रम पहिल्या थरासारखाच.

खऱ्या जहाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच फळी नसते. २० ते २४ फुटांच्या फळ्या जोडलेल्या असतात. १:६४ ला त्या ९५ ते ११५ मिलिमीटर होतात. तसे तुकडे वापरायचे असतील तर दोन नियम पाळा : सांधा बरगडीवरच यावा, आणि एकाच बरगडीवर दोन सांधे यायचे असतील तर मध्ये निदान तीन अखंड पट्ट्या असाव्यात. विटांच्या भिंतीसारखे एकाआड एक सांधे बघताक्षणी खोटे वाटतात. हवं तर पट्टीच्या एका कडेला मऊ पेन्सिल फिरवा; फळ्यांमधली डांबराची रेघ त्याने उमटते.

इथे टाचण्या अजिबात नाहीत. फेविकॉल पातळ लावा आणि पट्टी बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. फेविक्विक बाहेर ओघळलं तर लगेच पुसून घासा. ते लाकडाच्या रंध्रांत शिरून काचेसारखं बसतं, त्यावर तेल किंवा पॉलिश मुरत नाही, आणि शेवटचा हात दिल्यावर तेवढाच फिका, चकचकीत डाग समोर येतो.

## ९. शेवटचं घासणं आणि पॉलिश

१८० ने सुरू करा, २४० ने संपवा, या वेळी पट्ट्यांच्या लांबीतच. हातात ०.६ मिलिमीटरच आहेत हे लक्षात ठेवा; घासण्यापेक्षा सुरीचं पातं उभं धरून खरवडलं तर ताबा जास्त राहतो. धूळ ब्रशने झाडून घ्या, मग ओल्या कापडाने एकदा हलकं पुसा. पाण्याने गोंदाचे राहिलेले डाग फिके दिसतात; त्यांवर पेन्सिलीने गोल करा, सुकल्यावर खरवडा.

लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पातळ करून दोन हात द्या, मधे २४० नंबरचा जुना, झिजलेला कागद फिरवा. पहिला हात आधी गार्बोर्डच्या बाजूला, बुडाखाली देऊन बघा. तिथे रंग पसंत पडला तरच वर या. दोन्ही हात सुकल्यावर जहाज पाळण्यात, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या स्टँडमध्ये, उलटं ठेवून सुकाणूचे बिजागर लावायला घ्या. पट्ट्यांना आता हाताचा घाम लागला तरी डाग पडत नाही.